वाऱ्याच्या वरच्या अंगाला

ओपूझेन,
६ जुलै

प्रिय पेरीना,
स. न. वि. वि.

ख्रिसमसनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागते. कारणं आहेत. हिवाळ्यात समुद्राचं पाणी कालव्यांतून वर चढलं आणि खालच्या बागेतली संत्र्याची झाडं मिठानं करपली. वसंत येईस्तोवर मी आणि स्तीपान तीच उपटत होतो. मग शाळेतल्या परीक्षा, मग आईचा गुडघा. हे सगळं खरं आहे. पण त्यातल्या कुठल्याही संध्याकाळी पत्र लिहिता आलं असतं, हेही खरं आहे. फोन करायचा नाही हे आपणच ठरवलं, कारण फोनवर आपण लगेच भांडतो आणि कागदावर निदान एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देतो. म्हणजे न लिहिणं हे दुप्पट वाईट.

तुझा पतंग आणि तुझी फळी घेऊन पाण्यात उतरण्याचा हा माझा दुसरा उन्हाळा. पतंग अडकवायचा तुझा कमरपट्टा तेवढा मला होत नाही, तो शेडमध्ये खिळ्याला तसाच लटकतोय. मी माझ्या मापाचा घेतला. पतंग उडवता येतो. फळीवर उभी राहते, पतंगाच्या ओढीनं पाण्यावरून सुसाट जाते. परत मात्र येत नाही. काठावर जिथून आपण निघतो तो टायर अडकवलेला खुंट तुला आठवतच असेल. प्रत्येक फेरीत मी त्याच्यापासून थोडी थोडी वाऱ्याबरोबर खाली घसरते आणि शेवटी नदीच्या मुखाशी पोचते. तिथून फळी काखेत, पतंग डोक्यावर, आणि वाळूतून चालत परत. नाहीतर आपले म्हातारे नावाडी बार्बा येरे बोट घेऊन येतात आणि मला पोत्यासारखी आत ओढून घेतात. दुपारी वाऱ्याविरुद्ध, वाऱ्यावर चढत जाऊन खुंटापाशी परत येणं शाळकरी मुलींनाही जमतं. मला नाही.

स्तीपान काठावरून ओरडतो, मागे झुक, अगं मागे झुक. साऱ्या किनाऱ्याला ऐकू जातं, मला सोडून. परवा त्याचं ऐकून एक जर्मन पाहुणा मागे झुकला आणि पडला म्हणे.

तर मी ठरवलंय. संत्र्यांची तोडणी सुरू झाली की माएस्त्रालही पडतो, मग हा रोजचा दुपारचा वारा पुढच्या वर्षीच. तोवर मी स्वतःच्या बळावर खुंटापाशी परत आले तर ठीक. नाहीतर तुझं सामान कोणा होतकरू मुलीला देऊन टाकू, तुझी हरकत नसेल तर. या वयात माणसानं हट्ट आणि आवड यांत फरक करायला शिकावं. मला ही गोष्ट आवडते की मला पेरीना व्हायला आवडतं, हेच नीट कळत नाही. तू पहिल्याच दिवसापासून वाऱ्यावर चढायचीस असं इथे सगळे सांगतात. तू शिकवलेल्या बायका अजून तुझं नाव काढतात. मलाही शिकव ना, पत्रातून का होईना.

आई विचारते तू वेळेवर जेवतेस का. मीही तेच विचारते. इतके महिने गप्प राहिले म्हणून माया आटू देऊ नकोस.

तुझी,
नेवेंका


रियेका,
१७ जुलै

चि. नेवेंका हिस,
अ. उ. आ.

सेहेचाळीस वर्षांच्या बाईला चिरंजीव लिहायला फार मजा येते. अक्षर वाकडं आहे, पेन भिकार आहे, तिकडे दुर्लक्ष कर.

झाडांचं वाचून वाईट वाटलं. खालची बाग बाबांनी लावलेली. स्तीपानला सांग, जरा बस.

पत्रातून पतंग शिकवणं म्हणजे पत्रातून केस कापणं. मी करणार नाही. तुझा पट्टा मागून धरायला कोणीतरी पाण्यात उभं हवं, तू काय करतेस ते बघणारं, आणि तुझ्याशी लग्न न झालेलं. स्तीपान सोन्यासारखा माणूस आहे, पण त्याला कॉफी करायला बसव. नवऱ्याचं ओरडणं ऐकून वाऱ्यावर चढलेली बाई मी तरी पाहिली नाही.

दिंकाकडे जा. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती वाळूपट्टीच्या टोकाला बायकांना शिकवते. साठीला टेकली असेल. तोंडानं कडू आहे. ती काही बोलली तर रडू नकोस, काही बोलली नाही तर घाबरू नकोस. आणि माझं नाव सांगू नकोस, उगाच गप्पा मारत बसेल आणि वारा निघून जाईल.

सामानाचं तोडणीच्या वेळी बघू. तोवर कोणाला शब्द देऊ नकोस. खरंच देऊ नकोस.

एक विचारायचं होतं. पाण्यातून आल्यावर तुझे हात किती दुखतात? खांद्यापासून की कोपरापासून? नीट आठवून लिही.

मी जेवते. आईला सांग, लायब्ररीतल्या बायका मला खायला घालून घालून मारणार आहेत.

असाच जीव लावत जा.
पेरीना


ओपूझेन,
४ ऑगस्ट

प्रिय पेरीना,
स. न. वि. वि.

हातांचं आधी. खांद्यापासून बोटांपर्यंत दुखायचे. फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडेल असं वाटायचं. दुखायचे असं लिहिते आहे, कारण आता तितके दुखत नाहीत. का ते सांगते.

दिंकाकडे गेले. तुझं नाव सांगितलं नाही. तिनं माझ्या दोन फेऱ्या पाहिल्या, काही बोलली नाही. मी चालत परत आले तेव्हा म्हणाली, तू पेरीनाची बहीण. मी विचारलं, चेहऱ्यावरून ओळखलंत का? ती म्हणाली चेहरा कोण बघतं, उभी राहण्यावरून. मग विचारलं की लहानपणी कुणाच्या होडीत होतीस. म्हटलं, बाबांच्या. तिनं मान हलवली, जणू डॉक्टरला दुखणं सापडलं.

आपण दोघी कालव्यातून बाबांची चपटी होडी काठीनं ढकलत न्यायचो ना, संत्र्याच्या पेट्या घेऊन? गुडघे वाकवून, सगळं वजन पुढच्या पायावर, नजर खाली शेवाळ्यावर, आणि जी काही ताकद असेल ती दंडांत. दिंका म्हणते मी फळीवर तश्शीच उभी राहते. इथल्या सगळ्याच बायका अशा उभ्या राहतात, पण आपल्यासारख्या पेट्या घरी पोचवायला निघालेल्या बहिणी तिनं दोनच पाहिल्या. ती स्वतः वरच्या दगडी मुलखातली, तिच्या गावात होडी सोड, डबकंही नाही, म्हणून तिला हे दिसतं. मी इतकी वर्षं आरशात बघते, मला दिसलं नव्हतं.

मग तिनं पतंग बाजूला ठेवायला लावला. एक दोरी माझ्या पट्ट्याच्या आकड्यात अडकवली, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, आणि मला म्हणाली, हात सोड आणि मागे बस. मी म्हटलं, पडेन. ती म्हणाली, पड की, खाली वाळू आहे, काय मोडणार आहे? मी बसले. पेरीना, मी हवेत लोंबकळत होते, दोन्ही हात मोकळे, आणि कुठेही काही दुखत नव्हतं. ती म्हणाली, वारा कमरेनं धरायचा. हातांनी पतंगाला फक्त कुठे जायचं ते सांगायचं, आणि तेही ओरडून नाही. हे म्हणताना तिनं स्तीपानकडे बघितलं. तो गुपचूप कॉफी आणायला गेला. आता दर मंगळवारी साऱ्या बायकांची कॉफी तोच करतो आणि त्याला ते आवडतं.

आणखी एक. ती म्हणाली, तुझ्या बहिणीची ही होडी उतरवायला मला अख्खा उन्हाळा लागला, झुडपांमागे जाऊन रडायची. मला आधी रागच आला. मग घरी येताना गाडीत इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. बहीण रडली हे ऐकून बरं वाटावं? पण खरं ते लिहिते. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुला ते जन्मतः येत होतं आणि मला जन्मतः येत नाही.

खुंट अजून लांब आहे. आईचं मत, चादरीला लटकून समुद्रात जाणाऱ्या बाईनं आधी घरातल्या चादरी धुवाव्यात.

कडू तोंडाच्या बाईकडे पाठवलंस, तशीच पुढेही पाठीशी राहा.

तुझी,
नेवेंका


रियेका,
१४ ऑगस्ट

चि. नेवेंका हिस,
अ. उ. आ.

दिंकाचं तोंड म्हणजे गावचा भोंगा. हो, अख्खा उन्हाळा लागला, आणि हो, झुडपांमागे. नंतर लोक म्हणू लागले की हिच्या अंगातच आहे. कौतुक चाललं असताना मध्ये कोण बोलणार? मी ज्यांना शिकवलं त्यांना दिंकाचीच वाक्यं म्हणून दाखवली. माझं स्वतःचं एकही नव्हतं. पुढे त्यांनी दुसऱ्यांना तीच म्हणून दाखवली असतील. तुला बरं वाटलं त्यात लाजायचं काय? मला वाचूनच बरं वाटलं.

ते दोरीचं पुन्हा लिही. हात मोकळे म्हणजे खाली सोडलेले चालतात की वर धरावे लागतात? आणि पाण्यात गेल्यावर पतंगाची दांडी डोक्याइतकी वर असते की छातीशी आणून चालते? एका हातानं भागतं का? मला नीट आठवत नाही.

इथे उकाडा आहे. यूगो, तो दमट दक्षिण वारा, वाहतो आहे, कपडे वाळत नाहीत, माणसं एकमेकांवर खेकसतात. मी लवकर झोपते.

आईच्या चादरी धुऊन टाक एकदाच्या.

आहे तसा लोभ राहू दे.
पेरीना


ओपूझेन,
५ सप्टेंबर

प्रिय पेरीना,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात माझा आवाज बसला आहे. हे पत्र लिहिताना मी थकलेली आहे, हे ध्यानात घेऊन वाच.

आधी तुझे प्रश्न. हात खाली सोडलेले चालतात. दांडी छातीशी, पोटाशीसुद्धा चालते, उलट दिंका वर धरणाऱ्यांवर चिडते. एका हातानं भागतं, ती स्वतः एका हातानं चष्मा पुसताना मी पाहिली आहे.

आता माझं. महिनाभर दिंका माझ्याबरोबर पाण्यात येते. ती माझ्या पुढे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहते, आणि मी फक्त तिच्याकडे बघायचं. बाकी काही नाही. तिच्याकडे बघितलं की मान वळते, मान वळली की खांदे, मग कंबर, आणि फळी आपोआप पाणी कापत वर चढते. ती समोर असताना मला जमतं. मला वाटू लागलं होतं की झालं.

मंगळवारी ती दुसऱ्या एका बाईला सोडवायला गेली. समोर कोणी नव्हतं. माझी नजर खाली पायांशी गेली आणि मी पुन्हा बाबांच्या होडीत. दंड ताठ, पतंग मागे भेलकांडला, पाण्यात पडला, आणि मी थेट नदीच्या मुखाशी, जिथे प्रवाह आत ओढतो. बार्बा येरे आले. मला आत घेतलं, सुके अंजीर दिले आणि म्हणाले की तुझं टपाल आता इथेच आणून देत जातो, पत्ता बदलल्याचं पोस्टात कळवून टाक. मी हसले. मग अंजीर चघळता चघळता रडू आलं. ते तोंड फिरवून इंजिनाशी काहीतरी करत बसले, भला माणूस.

मी विचार करते आहे. दुसऱ्याकडे बघूनच जे जमतं ते आपलं म्हणायचं का? तुझ्याकडे बघून सुरू केलं, दिंकाकडे बघून चालवलं. दोघींना वजा केलं तर उरते ती होडी. लवकरची संत्री पिवळी पडायला लागली आहेत. व्यापारी येऊन बघून गेला. माझी मुदत भरत आली. दिंकाकडे कोमिन गावची एक मुलगी येते, चपळ आहे, स्वतःचं सामान नाही. तुझी परवानगी आली की तिला देईन.

आणि आता मी एक विचारते, तुझ्याच शब्दांत, नीट आठवून लिही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तू लोकांना हे शिकवत होतीस. दांडी कुठे धरायची ते तू मला का विचारतेस? तुझ्या दोन्ही पत्रांतलं अक्षर सारखंच वाकडं आहे. एक पेन एवढं भिकार असू शकत नाही.

रागावलीस तरी लिही.

तुझी,
नेवेंका


रियेका,
१२ सप्टेंबर

चि. नेवेंका हिस,
अ. उ. आ.

पेन चांगलं आहे. उजवा हात वाईट आहे.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. छातीत गाठ होती, ती काढली, काखेतलंही काढलं. पुढचे उपचार मेमध्ये संपले. डॉक्टर खूश आहेत, मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय. हात खांद्याच्या वर जात नाही आणि लवकर दमतो. तुला कळवलं नाही, कारण तुम्ही तेव्हा मेलेली झाडं उपटत होतात आणि आणखी एक बातमी तुला उपटायला लावावी असं वाटलं नाही. आईला इतक्यात सांगू नकोस, मी स्वतः सांगेन.

म्हणून विचारत होते. मला वाटत होतं, हातांशिवाय ते होणारच नाही. मी शिकवायची तेव्हा कमरेनं धरा असं शंभरदा म्हणायची, पण माझे हात दणकट होते, मला ते कधी पारखून बघावंच लागलं नाही. तुझे हात दणकट नाहीत. तू परत आलीस तर ते वाक्य खरं.

हे तुझ्यावर ओझं म्हणून लिहीत नाही. तुला नको असेल तर पतंग आणि फळी त्या कोमिनच्या मुलीला दे, माझी परवानगी आहे. पट्टा देऊ नकोस.

दुसऱ्याकडे बघून जे जमतं ते आपलं का, असं विचारलंस. मला माहीत नाही. मीही दिंकाकडे बघूनच शिकले. ती नसेल तेव्हा तिच्या पाठीमागे काय दिसायचं ते आठव.

दमले आता. सांभाळून राहा.
पेरीना


ओपूझेन,
२७ सप्टेंबर

प्रिय पेरीना,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मी बागेत वाचलं आणि बागेतच राहिले, आईनं जेवायला हाका मारल्या तरी. सहा महिने मी गप्प होते म्हणून तू गप्प राहिलीस, की तू गप्प राहिलीस म्हणून मी, हे मी उलटसुलट करून बघितलं. उत्तर काहीही आलं तरी मला आवडलं नसतं. आईला सांगितलं नाही. स्तीपानला सांगितलं. तो उठून बाहेर गेला आणि गरज नसलेली लाकडं फोडत बसला.

तोडणी सोमवारी सुरू होते. आज शेवटचा वारा होता, बार्बा येरेंनी सकाळीच सांगितलं होतं की उद्यापासून हवा पडणार. स्तीपान पेट्या आणायला गेला होता, म्हणून कॉफीही नव्हती. दिंका त्या कोमिनच्या मुलीला दोरीला लटकवत होती. मी विचारलं, माझ्यापुढे याल का? ती म्हणाली, मला दोन कमरा नाहीत, जा.

गेले. पहिल्या फेरीत नजर पायांशी. दुसऱ्या फेरीत दंड आवळले आणि खाली घसरले. बार्बा येरेंनी बोटीचं इंजिन सुरू केल्याचा आवाज आला, आणि मला तुझं वाक्य आठवलं. दिंका पुढे असायची तेव्हा तिच्या पाठीमागे काय होतं? समोरच्या डोंगरावरचं ते पांढरं चर्च. महिनाभर मी दिंका समजून त्या चर्चकडेच बघत होते. मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, उजवा हात दांडीवरून काढला आणि मांडीशी सोडला. हे मुद्दाम केलं, तुझ्यासाठी. डावा पोटाशी. कमरेवर बसले, वाळूत बसले होते तशी. फळीखालचं पाणी शिट्टी वाजवल्यासारखं वाजायला लागलं. डावीकडे जाताना चर्च, परत येताना त्या अंगाला आपल्या डोंगरावरचा पडका बुरूज. चार-पाच वळणं घेतली असतील, मोजली नाहीत. काठाकडे वळले तेव्हा खुंट कुठे दिसेना. वाटलं, पुन्हा नदीशी आले. मग कळलं, खुंट माझ्या खालच्या अंगाला होता. मी त्याच्या वर आले होते. जन्मात पहिल्यांदा मला उलट्या दिशेनं चालत खुंटापाशी यावं लागलं.

कोणी पाहिलं नाही. स्तीपान नव्हता, दिंकाची पाठ होती, बार्बा येरेंनी इंजिन बंद करून वर्तमानपत्र उघडलं होतं. मी वाळूवर उभी होते आणि मला कोणाला सांगायचं नव्हतं, पुन्हा आत जायचं होतं. गेलेही. मला ही गोष्टच आवडते का, या माझ्या जुलैतल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा एवढंच.

नंतर दिंकाला सांगितलं. खुंटाचं नाही, तुझं. तू रागावशील, पण विचारायला दुसरं कोणी नव्हतं. तिनं दोरी गुंडाळून पिशवीत टाकली. मग म्हणाली, अशा बाया तिनं दोन शिकवल्या आहेत, एक अजून येते. आधी डॉक्टरला विचारायचं, मग एप्रिलपर्यंत थांबायचं, मग फक्त वाळू आणि दोरी. हात खिशात घालून शीक म्हणावं तिला. आणि पाण्यात तिचा पट्टा मागून धरायला मी येणार नाही, तासभर एका जागी उभं राहायला माझे गुडघे साथ देत नाहीत, तू धर. मी म्हटलं, मला कुठे शिकवता येतं? ती म्हणाली, वाक्यं तुला पाठ आहेत की.

खोटा धीर देत नाही. डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. तू दमशील, रडशील, झुडपं अजून आहेत. मीही या तोडणीनं इतकी थकणार आहे की नाताळपर्यंत माझ्याकडून शहाणं काही ऐकायला मिळणार नाही. पण डॉक्टरला विचार, आणि काय म्हणाले ते फोन करून सांग. भांडलो तर भांडलो.

पतंग आणि फळी कोणाला दिलेली नाही. अंतर पडू देऊ नकोस, मीही देणार नाही.

तुझी,
नेवेंका

ता. क. शेडमध्ये जाऊन आले. तुझा पट्टा मिठानं लाकडासारखा कडक झाला आहे.
उद्या: तो गोड्या पाण्यात भिजत घालणे.